झाडाखालून घेतलेली वेळ

११ जानेवारी

प्रिय भाऊजी,

सप्रेम नमस्कार.

काल कपाट आवरताना ती मोठी काळी छत्री हाताशी आली आणि ती दुपार जशीच्या तशी डोळ्यांपुढे उभी राहिली. बंद पडलेल्या कारखान्याचं सिमेंटचं आवार, कडेला एकुलतं एक झाड, आणि आपण तिघं. तुमच्या दादांनी गॅरेजमधल्या उरलेल्या पिवळ्या रंगाने शर्यतीची शेवटची रेषा मारली होती. रेषेच्या दोन्ही टोकांना खांब रोवले होते, आणि वेळ घेणाऱ्याला तिथे ऊन लागेल म्हणून ही छत्री आणली होती. माझ्या एका हातात स्टॉपवॉच, दुसऱ्यात पेन्सिल. छत्रीला तिसरा हात कुठून आणू? ओला रुमाल डोक्यावर टाकून मी उन्हातच उभी राहिले. शाळेत सिस्टरांनी सवय लावली होती, रेषेवर म्हणजे रेषेवर. तुम्ही म्हणालात, मी छत्री उघडून मैदानात उभा राहिलो तर लोक ज्योतिषी समजून हात दाखवायला येतील. आणि खुशाल झाडाखाली जाऊन पेरू खात बसलात. दादा तिकडून ओरडले, "चष्मेवाल्या, तुझ्यापेक्षा तुझी सावली तरी कामाची." तुम्ही पेरूची फोड उंच धरून त्यांना दाखवलीत. छत्री गाडीच्या डिकीत राहिली ती गाडी विकेपर्यंत. आजवर तिच्यावर ऊन पडलेलं नाही.

पत्र मुद्दाम लिहिते आहे. फोनवर तुम्हाला नीट ऐकू येत नाही आणि मला नीट रागावता येत नाही. शिवाय वेळ मोजायच्या उपकरणांबद्दलचं माझं मत आपल्या मंडळाच्या बैठकीत वाचून दाखवायचंय असं तुम्हीच म्हणालात.

तर इथल्या, लेकीच्या शहरातल्या मंडळाचा ऑटोक्रॉस बघून आले. जावई सोबत होते. वाटेत त्यांना समजावलं, की ही गाड्या एकमेकींच्या अंगावर घालायची शर्यत नव्हे. मोकळ्या जागेत प्लॅस्टिकचे शंकू मांडायचे, एकेकाने त्यांतून गाडी काढायची, भांडण फक्त घड्याळाशी. जावई म्हणाले, घड्याळाशी भांडायला तर मी रोज सकाळी फुकटात उठतो.

इथल्या मंडळाची वेळ मोजायची सामग्री वायरलेस आहे. सुरुवातीला एक तिपाई, तिच्यावर डोळा; समोरच्या तिपाईवर आरसा. डोळ्यातून निघालेला किरण आरशावरून परत येतो. गाडीने तो तोडला की टेबलावरच्या डब्याला कळतं. शेवटच्या रेषेवर तसाच दुसरा जोड. स्वस्तातला डबा एका वेळी एकच गाडी ओळखतो. पहिली बाहेर पडेपर्यंत दुसरी सोडता येत नाही, म्हणजे आपल्यासारख्यांची निम्मी दुपार वाट बघण्यात जाईल. मधला तीन-चार गाड्यांचा क्रम लक्षात ठेवतो. तो घ्या. तिसऱ्या प्रकारात प्रत्येक गाडीत एक डबी चिकटवायची असते. लोक घरची गाडी घेऊन येतात आणि डबी तशीच घेऊन घरी जातात, असं इथली टेबलावरची बाई वैतागून सांगत होती. शंकू उचलणारा माणूस किरणातून चालत गेला तर घड्याळ थांबतं, आणि उतरतं ऊन थेट डोळ्यात आलं तर तो आंधळा होतो. एवढ्या दोन गोष्टी सांभाळा.

दादांची गाडी विकली. ते पैसे या सामग्रीसाठी मंडळाला देते आहे. अट एकच. मैदानावरच्या पत्र्याच्या पाटीवर सर्वांत कमी वेळ म्हणून पहिली ओळ दादांची आहे, ती तशीच राहील. लेकीच्या घरी मला एक खोली आणि एक कपाट आहे. भिंतीवर फोटो आहे, पण फोटोतला माणूस नुसता बसलेला असतो. पाटीवरचा अजून गाडी चालवतो.

तुमची
वहिनी

---

२४ जानेवारी

ती. वहिनींस,

सा. नमस्कार.

पत्र बैठकीत वाचून दाखवलं. पेरूचा भाग गाळला. सचिवाला थोडी अब्रू ठेवावी लागते.

मधला डबा घ्यायचं सर्वांनी मान्य केलं. मला मात्र काळजी वायरलेसची वाटते. आवाराच्या दोन्ही बाजूंना पत्र्याच्या शेड आहेत, संदेश त्यांच्यात अडकू नये. विक्रेता म्हणतो, अडकणार नाही. विकणारे कधी अडकेल म्हणतात? मी स्वतः चष्म्याच्या दुकानात तेच करतो. म्हणून त्याला सांगितलंय, तुमचा इंजिनिअर मैदानावर पाठवा, लावून दाखवा, मग चेक. डोळ्याची उंची चाकाच्या मध्याला ठेवायची की बंपरच्या, यावरही वाद झाला. आमच्या दंतवैद्याची गाडी इतकी बुटकी आहे, की किरण तिच्या टपावरून जाईल असं मास्तरीणबाई म्हणाल्या. दंतवैद्य दुखावला. सध्या मंडळात सर्वांत वेगवान तोच आहे आणि त्याला दादाच्या वेळेजवळही जाता येत नाही. नवी गाडी घेतली, चिकट टायर घेतले, तरी नाही. परवा म्हणाला, ती वेळ माणसाने घेतलेली आहे, म्हणून माणसाला गाठता येत नाही. लोक हसले.

पाटी गंजली आहे. रंग काढायला लागेल. पाटीचं काय ते सामग्री आल्यावर बघू. नवा डबा वेळ हजाराव्या हिश्शापर्यंत दाखवतो, तेव्हा पाटीचे रकानेही बदलावे लागतीलच.

तुमच्या गुडघ्याचं काय? लेकीला आशीर्वाद. वाचायच्या चष्म्याचा नंबर वाढला असेल तर कळवा, काचा पाठवतो.

आपला
भाऊजी

---

६ फेब्रुवारी

प्रिय भाऊजी,

सप्रेम नमस्कार.

चष्म्याचा नंबर तोच आहे. त्यामुळे तुमचं पत्र नीट वाचता आलं. पाटी तीनदा आली आणि तिन्ही वेळा तुम्ही तिच्यावरून घाईने पुढे गेलात. लहानपणी भांडं फोडलं की तुम्ही आधी पाहुण्यांची चौकशी करायचात, असं सासूबाई सांगायच्या.

दंतवैद्यांना म्हणावं, ती वेळ माणसाने घेतलेली आहे हे खरं, पण कोणत्या माणसाने ते विचारा. नवऱ्याची वेळ बायकोने घ्यायची नाही, हा नियम दादांनी पहिल्याच दिवशी केला. उद्या कोणी बोट दाखवायला नको म्हणून. ते गाडीत बसले की मी स्टॉपवॉच तुमच्या हातात देऊन बाजूला व्हायची. बाकी सगळ्यांची, तुमचीसुद्धा, मी घ्यायची. पाटीवरची वेळ लागली त्या दिवशी दादा पहिले आले आणि तुम्ही दुसरे. फरक सेकंदाच्या दहाव्या हिश्शाच्याही आत. कोणीतरी कुरकुरलं, तेव्हा दादा म्हणाले, "धाकट्याने वेळ घेतली की मला शंका नसते." तुम्ही शंकू गोळा करत होतात. ऐकलंत की नाही कोण जाणे. घरी आल्यावर हात धुताना मात्र म्हणालात, "पुढच्या वर्षी, दादा." पुढच्या वर्षी तुम्ही पुन्हा दुसरे, फरक तेवढाच. मग तुम्ही चालवणंच सोडलंत आणि सचिव झालात. मला तेव्हा वाईट वाटलं होतं. तुम्हाला सांगितलं नाही, कारण तुम्हाला ते आवडलं नसतं.

चेक सोबत आहे. इंजिनिअर येऊन जाईपर्यंत थांबू नका. माझा तुमच्यावर विश्वास आहे, असं लिहिते आहे. पाटीवर नवा रंग द्यायचा असेल तर पेंटरला म्हणावं, पहिली ओळ आहे तशी गिरव.

तुमची
वहिनी

---

२१ मार्च

ती. वहिनींस,

सा. नमस्कार.

उत्तराला उशीर झाला. दुकानात गर्दी होती, असं लिहिणार होतो, पण तुम्ही ओळखाल.

सामग्री आली. उत्तम आहे. शेडचा काही त्रास नाही, तीन गाड्या एकापाठोपाठ सोडल्या तरी डबा गोंधळत नाही. चाचणीच्या दिवशी थोडी गंमत झाली. डब्याच्या टेबलाला सावली हवी म्हणून शेवटच्या रेषेचा डोळा मी माझ्या नेहमीच्या जागी, झाडाखालीच लावला आणि आरसा पलीकडच्या खांबाशी. दंतवैद्याने दोन फेऱ्या मारल्या आणि दादाच्या इतका जवळ गेला, की नाचायलाच लागला. मग इंजिनिअर आला. म्हणाला, किरण तिरका चाललाय, रेषेवर सरळ आडवा घ्या. डोळा उन्हात, रेषेच्या टोकाला नेला. त्याच गाडीची वेळ लगेच वाढली, दहाव्या हिश्शाहून जास्तच. दंतवैद्याचा चेहरा दाढ काढल्यासारखा झाला.

इंजिनिअरने हेही सांगितलं, की हाताने घेतलेल्या वेळा यंत्रापेक्षा कमीच भरतात. सुटताना आधी गाडी हललेली दिसते, मग अंगठा दबतो. तेवढा वेळ चालवणाऱ्याला फुकट मिळतो. यावर बैठक झाली. जुन्या वेळा नव्यांशेजारी ठेवता येणार नाहीत, असं ठरलं. पाटी रंगवली आहे. कोरी आहे. खाली बारीक अक्षरांत 'संस्थापक' म्हणून दादाचं नाव घातलं आहे. माझंही नाव गेलं, हे लक्षात घ्या. मी दुसरा होतो तो आता कोणीच नाही.

पत्र वाचताना पेरूबरोबर तुमची अटही मी गाळली होती, बैठकीत ती सांगितलीच नाही. सांगितली असती तरी त्यांनी हेच केलं असतं, आणि वर तुमचे पैसे परत करायची वेळ आली असती.

आता उरलेलं लिहूनच टाकतो. तुमच्या मागच्या पत्राने ते वर आणलं. दादाची वेळ मी घेतली, आणि माझ्या अंगठ्याची खात्री मी देतो. माझी वेळ तुम्ही घेतलीत. नवऱ्याची वेळ बायकोने घ्यायची नाही, हा नियम दादाने केला. पण नवऱ्याला हरवू शकणाऱ्या माणसाची वेळ त्याच बायकोने घ्यावी का, याचा विचार कोणी केला नाही. मी केला. दर वर्षी केला. तुम्ही जाणूनबुजून काही केलं असं मी म्हणत नाही. माझी गाडी रेषेवर आली की अंगठा आपल्या माणसासाठी आपोआप थबकतो. पाटी कोरी झाली तेव्हा, वहिनी, मला हलकं वाटलं. हे लिहिलं नाही तर सगळं पत्र खोटं होईल.

आपला
भाऊजी

---

२ एप्रिल

मा. सचिव यांस,

पत्र मिळालं. सामग्री चांगली लागली, हे वाचून समाधान झालं. चेक वटला आहे, तो परत मागत नाही.

माझ्या अंगठ्याबद्दल तुम्ही लिहिलंत ते मी घरात कोणाला दाखवलेलं नाही. लेकीने विचारलं, काकांचं काय पत्र? मी म्हटलं, मैदानावर सगळं ठीक आहे.

एका प्रश्नाचं उत्तर द्या. दादा पाटीवर पहिले आले त्या दिवशी, आणि त्याच्या पुढच्या वर्षीही, त्यांची वेळ घेताना तुम्ही कुठे उभे होतात? मी त्या वेळी गाड्या सोडायच्या जागी जाऊन थांबायची. शेवटच्या रेषेकडे बघायची माझी हिंमत नसायची. म्हणून विचारते.

दुसरं काही लिहू नका.

---

१५ एप्रिल

ती. वहिनींस,

कुठे असणार? झाडाखाली. ऊन मला कधीच सोसलं नाही, तुम्हालाच सगळ्यांत जास्त माहीत आहे. दर वेळी तिथेच. तिथून पलीकडचा खांब स्वच्छ दिसतो. गाडीच्या नाकाने तो झाकला की बटण दाबायचं. एकदाही चुकलो नाही.

का विचारलंत, कळलं नाही.

मागच्या पत्रात जास्त लिहिलं. शब्द परत घेता येत नाहीत, आणि तुम्ही ते घेऊ देणारही नाहीत. पुढच्या महिन्यात नव्या सामग्रीवर पहिली स्पर्धा आहे. डब्यावर दादाच्या नावाची पट्टी लावली आहे. तुमच्या हस्ते सुरू करावं असं सर्वांना वाटतं. मलाही. गाडी घेऊन स्टेशनवर मी येईन.

तुमच्याकडे मंडळाची जुनी पेटी आहे. झेंडे, स्टॉपवॉच वगैरे. येताना आणलीत तर बरं.

आपला
भाऊजी

---

३ मे

प्रिय भाऊजी,

सप्रेम नमस्कार.

मी येणार नाही. पेटी जावयांबरोबर पाठवते आहे. हे पत्र तिच्यातच, झेंड्यांच्या वर ठेवलं आहे.

तुमचं मार्चचं पत्र मी रागाने वाचलं, म्हणून पहिल्यांदा नीट वाचलं नाही. नंतर जेवणाच्या टेबलावर दोन पेले ठेवले, एक अलीकडे, एक पलीकडे. ही आपली पिवळी रेषा. त्या दोघांमधून काडेपेटी सरकवत नेली. टेबलाच्या टोकाशी, पेल्यांच्या सरळ रेषेत बसून बघितलं, तर काडेपेटी रेषेवर आली तेव्हाच पलीकडचा पेला झाकला गेला. मग खुर्ची काडेपेटी येते त्या बाजूला सरकवली. तुमचं झाड त्याच बाजूला आहे. तिथून बघितलं, तर काडेपेटी रेषेपर्यंत पोचायच्या आधीच पेला दिसेनासा झाला. लेक म्हणाली, आई, हे काय चाललंय? मी म्हटलं, तुझ्या वडलांची गाडी थांबवते आहे.

चाचणीच्या दिवशी तुमच्या डोळ्यांसमोर हेच घडलं. डोळा झाडाखाली होता तेव्हा दंतवैद्यांची वेळ कमी भरली, रेषेवर नेला तेव्हा वाढली. दहाव्या हिश्शाहून जास्त, तुम्हीच लिहिलंत. दादांच्या आणि तुमच्या वेळेत त्याहून कमी फरक होता. अर्ध्या शहराला तुम्ही चष्मे लावलेत, भाऊजी, आणि हे तुम्हाला दिसलं नाही.

मंडळात सगळ्यांची वेळ मी उन्हात उभी राहून, रेषेच्या टोकाशी घेतली. एकट्या दादांची तेवढी झाडाखालून घेतली गेली, कारण नवऱ्याची वेळ बायकोने घ्यायची नाही असा नियम होता. ते गाडीत, कोण कुठे उभं आहे हे त्यांना काय दिसणार? मी सुरुवातीच्या जागी, पाठ फिरवून. नियम एवढ्यासाठी केला होता, की कोणी शंका घेऊ नये. कोणी घेतलीही नाही. तुम्ही घेतलीत, ती माझ्या अंगठ्यावर.

माझा अंगठा थबकला नव्हता. तुमची वेळ खरी होती. दोन्ही वर्षी पहिले तुम्ही आलात. तुम्ही स्वतःच्याच अंगठ्याने दुसरे राहिलात, आणि त्याबद्दल मनातल्या मनात मला शिक्षा करत आलात. माझ्या घरी जेवायला बसून, माझ्या हातचा चहा पिऊन, माझ्या चष्म्याचा नंबर विचारून.

हे लिहू नये असंही वाटलं. पाटी कोरी आहे, कोणाला कधी कळलं नसतं, आणि माझ्या मनातले दादा पहिलेच राहिले असते. पण ज्या माणसाने तो नियम केला, त्याच्या नावाने मी ही वेळ लपवून ठेवली तर त्याचं काय राहिलं? "धाकट्याने वेळ घेतली की मला शंका नसते," हे ते शेवटच्या आजारपणातही एकदा म्हणाले होते. ते वाक्य आता मी आठवत नाही. आठवलं की टाळते.

आता पेटीबद्दल. सगळं कोणाला द्यायचं ते लिहिते, म्हणजे तुम्हाला बैठक घ्यावी लागणार नाही.

चौकटींचा झेंडा मास्तरीणबाईंना द्यावा. त्याचा एक कोपरा मी शिवला आहे, धागा वेगळ्या रंगाचा आहे, चालवून घ्यावं म्हणावं.

स्टॉपवॉच दंतवैद्यांना. नव्या डब्याची बॅटरी कधीतरी दगा देईल, त्या दिवशी लागेल. त्यांना वेळ कशी घ्यायची ते शिकवा, आणि कुठे उभं राहून घ्यायची, तेही शिकवा.

दादांचं हेल्मेट पेटीत नाही. ते नातवाच्या खोलीत आहे, तिथेच राहील.

पाटी मंडळाची आहे. तिच्यावर तुमचं नाव लिहून घ्यायचं असेल तर हे पत्र बैठकीत वाचून दाखवा. माझी सही खाली आहे, हरकत नाही. फक्त वाचताना पेरूसारखा झाडाचा भाग गाळू नका. पहिले कसे आलात हे सांगायचं, तर दुसरे कोणी ठेवलं हेही सांगावं लागेल. ते जमणार नसेल तर पाटी कोरी राहू दे.

डब्यावरची दादांच्या नावाची पट्टी काढून जावयांजवळ द्या. ती मला हवी आहे.

पेटीच्या तळाशी छत्री आहे. ती तुम्हाला.

वहिनी